कप्पा सात, उंची पाच

१

कप्पा ओढला तेव्हा आत कुणीच नव्हतं.

स्टीलच्या तबकात बोटभर गढूळ पाणी साचलं होतं आणि त्यावर गोंद सुटलेली एक ओली चिठ्ठी तरंगत होती. शवागाराच्या दारात उभा असलेला शिंपी त्या पाण्याकडे पाहत राहिला. त्याच्या हातावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला निळा पोशाख होता. बहिणीला शेवटचा घालायला त्यानं तो रात्रभर जागून शिवला होता. दुपारचा एक वाजला होता.

शवागारावर अठरा वर्षं काढलेल्या माणसाला सगळं रुग्णालय मामा म्हणे. मामानं कप्पा आत ढकलला, पुन्हा ओढला, जणू दुसऱ्या खेपेला ती सापडणार होती. मग भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं. बहिणीच्या नावापुढे कप्पा सात असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

सकाळी पावणेअकराला याच सात नंबरमधून मामानं एक देह बाहेर काढून दोन भावांच्या ताब्यात दिला होता. त्यांची म्हातारी आई म्हणून. पिशवी बंद होती, भावांनी चेहरा पाहायला नको म्हटलं होतं आणि साडेबाराला त्यांनी अंत्यसंस्कार उरकलेही होते.

आता त्या आईच्या नावापुढे स्क्रीनवर कप्पा बारा दिसत होता. मामानं बारा नंबर उघडला. लहानखुरी, पांढऱ्या केसांची म्हातारी आत शांत पडून होती.

"सकाळी इथं सात लिहिलं होतं," मामा म्हणाला. "आईच्या नावापुढे सात. मी डोळ्यांनी वाचलंय. म्हणून सातमधला देह त्या भावांना दिला, साडेबाराला दहनही उरकलं."

शिंप्यानं पोशाख छातीशी धरला आणि विचारलं, "मग साडेबाराला जाळलं कुणाला?"

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्यानं पाठवलेली चौकशी अधिकारी आली. अन्नतपासणीत वीस वर्षं काढलेली ही बाई खात्यात नाकबाई म्हणून ओळखली जायची. नासलेलं दूध, भेसळीचं तेल, मसाल्यात दळलेला भुसा तिनं नुसत्या वासावर पकडला होता. बढती देऊन तिला चौकशीच्या टेबलावर बसवलं होतं, पण नाक काही बढती घेऊन शांत बसलं नव्हतं. शवागाराच्या बोळात पाऊल टाकताच फिनेलच्या खालून येणारा तो दुसरा, गोडसर वास तिच्या टाळूला जाऊन चिकटला. दिवसभर तो गेला नाही.

अधीक्षकांनी मामाच्या निलंबनाचा कागद आधीच टाइप करून ठेवला होता. सही तेवढी बाकी होती.

"सरळ प्रकरण आहे मॅडम," ते म्हणाले. "माणूस थकलाय. बाराचं सात वाचलं आणि आता कॉम्प्युटरवर ढकलतोय. तुम्ही अहवालात दोन ओळी लिहिल्या की झालं."

टेबलावर त्यांची बिस्किटं होती. एक त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. नाकबाईनं बशी परत त्यांच्याकडे सरकवली आणि मामाला भेटायला गेली.

मामा बोळातल्या बाकावर बसला होता. काल दुपारी याच बोळात अधीक्षकांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, दारू प्यायला होतास का म्हणून विचारलं होतं. तिनं तसलं काही विचारलं नाही. पिशवीवरची चिठ्ठी का तपासली नाही, एवढंच विचारलं.

त्यानं मान खाली घातली. चिठ्ठी पिशवीच्या बाहेरून लावतात, थंडीनं गोंद सुटतो, ती खाली पडली होती. पिशवी उघडून पाहायला हवं होतं. त्यानं उघडली नाही, कारण कंबर धरली होती आणि ते दोघे भाऊ घाई करत होते. ही त्याची चूक होती आणि ती तो लपवत नव्हता.

"पण आकडा सातच होता, बाई. दुसरं पण एक आठवतंय. उंची पाच लिहिली होती. नुसती पाच. मी मनात म्हटलं, ही तर एवढीशी म्हातारी, हिची उंची पाच कशी? आणि पाच म्हणजे पाच काय, तेही पुढं लिहिलेलं नाही."

नाकबाईनं वहीत लिहिता लिहिता हात थांबवला. खोटं बोलणारा माणूस आपल्या सोयीचं रचतो. ही उंची मामाच्या काहीच कामाची नव्हती. उलट ती पाहूनही तो थांबला नाही, म्हणून त्याला आणखी गोत्यात आणणारी होती. तरी त्यानं ती सांगितली.

तिनं स्क्रीनवर म्हातारीची नोंद काढून पाहिली. उंची: १४७ सेंटिमीटर. पाचाचा कुठं मागमूस नव्हता.

३

नोंदी करायचं काम एका बाईकडे होतं, तिला सगळे ताई म्हणत. मुलीच्या बाळंतपणासाठी ताई तीन आठवडे रजेवर होती आणि नेमकी कालच कामावर परतली होती. अधीक्षकांना हा योगायोग खुपत होता. नाकबाईच्या डोक्यातही तो होता.

ताई हात एकमेकांत गुंतवून बसली होती. काल आल्या आल्या तिनं एकच नोंद हाताळली होती आणि ती शिंप्याच्या बहिणीची होती. आदल्या संध्याकाळी बदलीवरच्या बाईनं नाव आणि कप्पा भरून ठेवला होता, उंची आणि नातेवाइकाचं नाव राहिलं होतं. ताईनं सव्वादहाच्या सुमारास ते भरलं, बटण दाबलं आणि उठली. साडेदहा ते बारा ती डॉक्टरांच्या खोलीत बसून अहवाल लिहून घेत होती. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं.

"कप्पे बदललेले दिसले का तुम्हाला?"

"सकाळी मी दुसरी नोंद उघडलीच नाही. आता रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. माझ्या हातून काही झालं का हो?"

हिच्यात खोट असेल तर ती फार कसलेली नटी म्हणायला हवी, असं नाकबाईला वाटलं.

राहिला कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. त्याला सर्व्हरसाहेब म्हणत आणि ते त्याला आवडायचं. त्याच्या खोलीत गारवा होता, अत्तराचा वास होता आणि खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा कोट होता. तो फार सौजन्यानं बोलला. तीन आठवड्यांपूर्वी सर्व्हर बदलला तेव्हा प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारा ड्रायव्हरही बदलावा लागला, एवढं त्यानं आपण होऊन सांगितलं. त्यानंतर एका अक्षराला हात लावलेला नाही. खरा प्रोग्रॅम आणि नवख्यांना शिकवायचा सरावाचा प्रोग्रॅम, दोन्ही तंतोतंत एक.

"मॅडम, मशीन खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. आणि तो मामा काल बोळात ज्या रीतीनं रडत होता ना, मी डबा खात होतो इथं, मला अक्षरशः जेवण गेलं नाही."

तिला त्या अत्तराच्या खालून काहीतरी नासल्याचा वास आला. पण वास पुरावा नसतो, हे ती वीस वर्षांत शिकली होती.

४

दुपारी तिनं गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी कागदावर छापून मागितल्या आणि उंचीच्या रकान्यावरून बोट फिरवत बसली. शेजारी मामाचा चहा निवत होता. ज्या हातांनी कप्पे ओढले त्यांनीच त्यानं तो आणून दिला होता. तिच्यानं तो पिववत नव्हता आणि पिववत नाही याची तिला लाजही वाटत होती.

रजेवर जाण्याआधी ताईनं लिहिलेल्या सगळ्या उंची एकाच तऱ्हेच्या होत्या. ५'--२". ५'--९". फुटाच्या आकड्याच्या डोक्यावर बारीक उभी रेघ, पुढे दोन आडव्या रेघा, मग इंच. पुढच्या तीन आठवड्यांत बदलीवरच्या बाईनं सगळं सेंटिमीटरमध्ये लिहिलं होतं. काल संध्याकाळी दोन देह आले होते, त्यांच्यापुढे पुन्हा ताईच्या रेघा होत्या.

आणि मध्ये, काल सकाळच्या सव्वादहाची, शिंप्याच्या बहिणीची नोंद. उंची: ५ फूट ४ इंच. अक्षरात.

तिनं ताईला बोलावलं. ही सवय कुठली, म्हणून विचारलं. ताई पंधरा वर्षं घरांचे नकाशे काढणाऱ्याकडे कामाला होती. तिथं मापं अशीच लिहायची.

"कधी फूट, इंच असं अक्षरात लिहिता?"

"छे. हात वळतच नाही तसा."

नाकबाईनं बहिणीच्या नोंदीवर बोट ठेवलं. ताईनं वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"ही माझी नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "नाव माझंच दिसतंय, पण हे मी लिहिलेलं नाही."

म्हणजे ताईच्या नावानं कुणीतरी ती नोंद पुन्हा लिहिली होती, आणि लिहिताना ती उभी रेघ जपून टाळली होती. एका रेघेला एवढं कोण कशाला भिईल?

५

सरावाचा प्रोग्रॅम ताईच्याच टेबलावर होता. त्यात दहा खोटे मृत होते, खोट्या नावांचे, एक ते दहा कप्प्यांतले. नाकबाईनं ताईला सांगितलं, यातला सात नंबरचा उघडा आणि काल जे केलंत तेच, जसंच्या तसं करा.

ताईनं टाइप केलं. कप्पा ७. उंची ५'--४". नातेवाईक: भाऊ. बटण दाबलं. कुठं काही वाजलं नाही, इशारा आला नाही.

"आता यादी दाखवा."

यादी उघडली. दहाच्या दहा मृतांचा कप्पा सात होता. दहाच्या दहा जणांची उंची पाच होती. नुसती पाच.

ताईनं तोंडावर हात घेतला. दारात उभा असलेला मामा पुढे आला, वाकून स्क्रीन पाहिला आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. "हेच," तो म्हणाला. "हेच होतं, बाई."

नाकबाईनं वहीत एकाखाली एक मांडायला घेतलं. सरावाचा प्रोग्रॅम आज कोलमडत होता. खऱ्या प्रोग्रॅमनं काल सकाळी तसंच केलं, असं मामा शपथेवर सांगत होता. पण काल संध्याकाळी त्याच खऱ्या प्रोग्रॅममध्ये ताईनं दोनदा तीच रेघ लिहिली आणि काही बिघडलं नाही. सर्व्हरसाहेब म्हणत होता की दोन्ही तंतोतंत एक आणि हात कुणी लावलेला नाही. तसं असतं तर संध्याकाळीही सगळे मृत एकाच कप्प्यात जायला हवे होते. याचा अर्थ काल सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामध्ये कुणीतरी खरा प्रोग्रॅम गुपचूप दुरुस्त केला होता. सरावाचा दुरुस्त करायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण सरावातल्या मेलेल्यांची दखल घेतो कोण?

तिनं वही मिटली आणि अधीक्षकांच्या खोलीकडे निघाली.

६

अधीक्षकांच्या खोलीत तिनं सर्व्हरसाहेबाला बसायला सांगितलं आणि मामाला, ताईला उभं न ठेवता खुर्च्या दिल्या. अधीक्षकांना ते रुचलं नाही.

तिनं सगळं क्रमानं मांडलं. मामानं पाहिलेला नुसता पाच. अक्षरात लिहिलेले फूट आणि इंच. सरावाच्या प्रोग्रॅमचे दहा मृत. संध्याकाळच्या दोन निर्धोक नोंदी. मग सर्व्हरसाहेबाकडे वळून म्हणाली, "आता ती रेघ काय करते ते यांना समजेल असं सांगा. मला अर्धं कळलंय."

सर्व्हरसाहेबानं आधी कानांवर हात ठेवले. मग ती म्हणाली की तुमच्या मशीनमधल्या जुन्या प्रती आणि वेळा बाहेरचे तज्ज्ञ उद्या तपासतीलच, तेव्हा त्याचा आवाज उतरला.

चांगला ड्रायव्हर असला की हुकूम वेगळा जातो आणि त्यात भरायची माहिती वेगळी. हुकुमात रिकाम्या जागा सोडलेल्या असतात, त्यांना प्लेसहोल्डर म्हणतात. त्या जागेत माणसानं काहीही टाइप केलं तरी डेटाबेस त्याला निव्वळ मजकूर समजतो. या नव्या ड्रायव्हरला प्लेसहोल्डर येतच नव्हते. त्याच्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि सर्व्हरसाहेबानं ते वाचलंही होतं. म्हणून त्यानं टाइप केलेला मजकूर हुकुमातच जोडून टाकला, दोन बाजूंना उभी रेघ देऊन. ताईची फुटाची रेघ आली तशी डेटाबेसची समजूत झाली की मजकूर इथं संपला. पुढच्या दोन आडव्या रेघांचा अर्थ त्याच्या भाषेत असा की यापुढचं वाचू नकोस.

"आणि यापुढे काय होतं?" नाकबाईनं विचारलं.

"नातेवाइकाचं नाव. आणि... हा बदल फक्त याच मृताला लागू करावा, ते."

ती एक ओळ न वाचल्यामुळे शवागारातले अडतीसच्या अडतीस मृत कागदोपत्री सातव्या कप्प्यात गेले होते.

"टाइप केलेल्या रेघा आधी निष्प्रभ करून घ्यायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं. काल दुपारी केलं ना. आधी राहून गेलं. तीन आठवडे काही झालं नाही, म्हटलं करू सावकाश."

"तुम्हाला कळलं कधी?"

तो टेबलाकडे पाहत म्हणाला की अकराला चहा घेऊन आला तेव्हा सर्व्हरच्या नोंदवहीत दिसलं, एका बटणानं अडतीस नोंदी बदलल्या. त्यानं पहाटे साठवलेली प्रत परत चढवली. त्यात ताईची सकाळची नोंद नव्हती, म्हणून तिच्या पासवर्डनं, सव्वादहाचीच वेळ टाकून, ती स्वतः भरली. दुरुस्ती अजून व्हायची होती, म्हणून रेघ टाळली. अकरा वीसला सगळं पूर्ववत झालं होतं.

नाकबाईनं वहीतली वेळ पाहिली. अंत्यसंस्कार साडेबाराला. मध्ये एक तास दहा मिनिटं.

"शवागाराला लावायचा फोन तुमच्या टेबलावर आहे," ती म्हणाली. "आतल्या आत दोन आकडे फिरवायचे. आज कुणाला दिलं असेल तर थांबवा, एवढं एक वाक्य. का नाही बोललात?"

"बोललो असतो तर कळलं असतं ना की माझ्याकडून झालं." मग तो जरा सावरून बसला आणि समजूत घातल्यासारखा म्हणाला, "हे बघा मॅडम, माणसं आधीच मेलेली होती. मी कुणाला मारलेलं नाही."

मामा अठरा वर्षांत कुणावर ओरडला नव्हता, तेव्हाही ओरडला नाही. तो उठून बाहेर गेला आणि बोळातल्या बेसिनवर बराच वेळ हात धूत राहिला. पाण्याचा आवाज आतपर्यंत येत होता.

अधीक्षकांनी घसा खाकरला. अहवालात तांत्रिक बिघाड असा शब्द घालता येईल का, संस्थेची अब्रू असते, असं काहीतरी ते म्हणू लागले. नाकबाईनं त्यांच्या टेबलावरचा मामाच्या निलंबनाचा कागद उचलला, उभा फाडला आणि बिस्किटांच्या बशीत ठेवला. मामानं पिशवी उघडली नाही हे ती लिहिणार होती. कुणी एका तासाहून जास्त वेळ मूग गिळून बसलं, दुसऱ्याच्या नावानं नोंद केली आणि निरपराध माणसाला झापलेलं पाहत डबा खाल्ला, हेही लिहिणार होती. बिघाड हा शब्द तिच्या अहवालात कुठंच येणार नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन भावांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. थोरला दाराची चौकट धरून उभा राहिला, धाकट्यानं तिला घरातून चालतं व्हायला सांगितलं. मग तोच रस्त्यापर्यंत मागे आला आणि आई कुठं आहे, तिला थंडी वाजत नाही ना, असं काहीतरी विचारू लागला. बारा नंबरमधल्या आईला ते दुपारीच घरी घेऊन गेले, संध्याकाळी दहन होतं.

शिंप्याचं दुकान अरुंद होतं. मशीन बंद होतं आणि कापडांच्या ताग्यांना कोऱ्या मांजरपाटाचा वास होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला नाकाला रुमाल लावावासा वाटला नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं, रेघेसकट, फोनसकट. प्लेसहोल्डर वगैरे त्याला कितपत कळलं कोण जाणे. फोनचं मात्र नीट कळलं. अकरा वीस, साडेबारा, हे दोन आकडे त्यानं परत विचारून घेतले.

मग बराच वेळ तो टेबलावरच्या खडूच्या खुणा अंगठ्यानं पुसत बसला.

"ते दोघे स्मशानात रडले का?" त्यानं विचारलं.

तिनं भावांना ते विचारलं नव्हतं, पण थोरला आपण होऊन बोलला होता. "धाकटा जागचा उठेचना," ती म्हणाली. "अर्धा तास पिशवीवर हात ठेवून बसला होता. लहानपणीची माफी मागत होता म्हणे, कसली तरी."

शिंप्यानं मान हलवली. त्याचा चेहरा वाकडा झाला, तो रडण्यानं की रागानं हे तिला ओळखता आलं नाही. परकी माणसं दुसऱ्याच बाईसाठी रडली, आणि तेवढंच त्याच्या बहिणीच्या वाट्याला आलं. यात समाधान मानायची वेळ एखाद्यावर यावी, याची तिला इतकी शिसारी आली की तिथं बसवेना.

ती उठली तेव्हा त्यानं कागद आणि पेन पुढे केलं.

"त्यांचा पत्ता लिहून द्या," तो म्हणाला. "तिची राख त्यांच्याकडे आहे. आणि त्यांच्या आईला पोचवायला आज कुणीतरी सोबत लागेल."

तिनं पत्ता लिहून दिला. त्यानं चपला घातल्या, दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्या आधी रस्त्याला लागला.